सतरावं स्वप्न कुणी ऐकायचं?

पंचकल्याणक पूजा असली की आपल्या भागातली गावं कशी फुलून येतात, हे मी तुम्हांला सांगायला नको. निपाणी असो, चिकोडी असो की बेळगाव. बस्तीसमोर मांडव पडतो, आणि गर्भकल्याणकाच्या दिवशी सगळ्यांत जास्त गर्दी असते ती बायकांची. कारण त्या दिवशी स्वप्नं असतात. तीर्थंकरांची माता शय्येवर निजलेली आहे आणि तिला एकामागून एक सोळा स्वप्नं पडतात. ऐरावत हत्ती, पांढरा बैल, सिंह, लक्ष्मी, फुलांच्या दोन माळा, पूर्ण चंद्र, उगवता सूर्य, असं करत शेवटी रत्नांची रास आणि धूर नसलेला अग्नी. सकाळी राणी दरबारात येते. राजा तिला शेजारी बसवून घेतो, एकेक स्वप्न ऐकतो, एकेकाचं फळ सांगतो. मातेच्या मानासाठी सवाल बोलले जातात. छप्पन कुमारिका तिच्या सेवेला उभ्या राहतात. आपल्या श्वेतांबर बहिणींकडे स्वप्नं चौदा, पण उत्साह तोच. पर्युषणात चांदीची स्वप्नं उतरवण्यासाठी बोली लागते.

या सोहळ्याला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. मीही त्या गर्दीत बसते, माझेही डोळे भरून येतात. माझं भांडण वेगळं आहे. बाळ पोटात येतानाची स्वप्नं ऐकायला ज्या समाजाचा मांडव भरतो, त्याच समाजात बाळ झाल्यावर, पोटावर टाके घेऊन निजलेल्या आईला जे स्वप्न पडतं, ते ऐकायला एक माणूस मिळत नाही. ती दचकून उठते, घामानं भिजलेली असते, काहीतरी सांगू लागते, आणि तिच्या तोंडावर हात ठेवला जातो. "वाईट स्वप्न बोलून दाखवू नये गं, खरं होतं." एवढं सांगून मोठी बाई कुशीवर वळते. सोळा स्वप्नांना दरबार आणि सतराव्याला उशी. हे मला मान्य नाही.

कसली असतात ही स्वप्नं? गेली कितीतरी वर्षं मी बाळंतविडा घेऊन कुणाकडे गेले की बाळाआधी बाळंतिणीजवळ बसते आणि झोपेचं विचारते. सुरुवातीला सगळ्याच "छान आहे" म्हणतात. माणसं जरा पांगली की मग बोलतात. एकीला दिसायचं की बाळ गोधडीत कुठंतरी हरवलंय आणि ती घडी उलगडतेय, उलगडतेय, गोधडी संपतच नाही. जाग आली तेव्हा ती खरोखरच दोन्ही हातांनी पांघरूण चाचपत होती, आणि बाळ पाळण्यात शांत झोपलेलं. दुसरी म्हणाली, मी बाळाला स्टँडवरच्या बाकावर ठेवून एस.टी.त चढते, गाडी सुटते आणि ओरडायला आवाजच फुटत नाही. तिसरी पुन्हा पुन्हा त्या टेबलावर असायची, हात दोन्हीकडे पसरलेले, छातीसमोर हिरवा पडदा, आणि पडद्याआडून बाळाऐवजी दुसरंच काहीतरी निघायचं. काय ते तिला सांगवेना.

माझं पहिलं बाळंतपण सिझर झालं, ते 1996 साली. घरी आल्यावर कितीतरी रात्री मला एकच स्वप्न पडत होतं. टाके उसवले आहेत आणि पोटातून बाळाची दुपटी निघताहेत, धुतलेली, घडी घातलेली, एकावर एक. घरातली माणसं ती मोजून घेताहेत आणि बाळ कुठं आहे, हे कुणीच विचारत नाही. माहेरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी माझं बोलणं पुरं व्हायच्या आधीच माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि बजावलं, "आता हे कुणाजवळ काढायचं नाही." त्यांच्या मनात मायाच होती. पण त्या रात्रीपासून मला एकीच्या जागी दोन भीती झाल्या. एक स्वप्नाची, आणि दुसरी, माझ्याजवळ काहीतरी अशुभ आहे आणि ते मी लपवते आहे याची. स्वप्न पंधरा दिवसांत विरलं. दुसरी भीती मुलगी चालायला लागली तरी गेली नव्हती. म्हणजे त्रास स्वप्नानं थोडा दिला आणि गप्प बसवण्यानं जास्त दिला. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे.

या स्वप्नांमागं काय असतं, ते आधी साध्या शब्दांत पाहू. सिझरच्या वेळी बहुधा पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करतात. बाई झोपलेली नसते, जागी असते. दुखत नाही, पण आत कुणीतरी ओढतंय, ढकलतंय, हे समजतं. हत्यारांचा आवाज येतो, डॉक्टरांचं आपापसातलं बोलणं कानावर पडतं. कातडी, चरबी, स्नायूंवरचं आवरण, पोटाचा आतला पडदा आणि मग गर्भाशय, असं एकेक उघडत जातात आणि पुन्हा शिवत येतात. वार पडली की नऊ महिने वाढत गेलेली संप्रेरकं थोड्याच दिवसांत एकदम खाली येतात. त्यात जखमेची ठणक, दुखणं कमी करायच्या औषधांची गुंगी, आणि दर दोन-तीन तासांनी उठणारं बाळ. सलग झोपणाऱ्या माणसालाही स्वप्नं पडतात, पण सकाळपर्यंत तो ती विसरतो. बाळंतीण मात्र स्वप्नाच्या ऐन मध्यावर उठवली जाते, म्हणून तिच्या ती लक्षात राहतात. आणि मनाला नुकतंच एक नवं काम लागलेलं असतं, हा एवढासा जीव जगवायचा. दिवसा हात ते काम करतात, रात्री मन करतं. अशा शरीरात, अशा मनात भीतीचं स्वप्न पडलं नाही तरच नवल.

हे काही माझ्या मनानं सांगत नाही. कॅनडातल्या माँट्रियल शहरात टोरे नील्सन आणि टायना पाकेट या संशोधकांनी गरोदर आणि बाळंत झालेल्या बायकांच्या स्वप्नांचा अभ्यास करून तो 2007 साली प्रसिद्ध केला. त्यातल्या बाळंतिणींपैकी जवळजवळ चारांतल्या तिघींना बाळ संकटात सापडल्याची स्वप्नं पडत होती. पांघरुणात हरवलेलं बाळ शोधत उठणाऱ्या बायका तिथंही होत्या. तिथं ना आपली दृष्ट, ना आपली बाधा, ना आपल्या भाऊबंदांचं वाईट बघणं. मग ती स्वप्नं तिथं कुणी पाठवली? माझ्या मैत्रिणीला गोधडीत जे शोधावं लागलं, तेच सातासमुद्रापलीकडची बाई शोधते, यातच उत्तर आहे.

आता मी ज्यांच्याशी भांडते त्यांचं म्हणणं एकेक घेते.

पहिलं म्हणणं, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. आम्ही सहा-सहा बाळंतपणं काढली." नव्हतं कसं? नाव वेगळं होतं. कुणाला "बाळंतवात झाला" म्हणत, कुणाला "बाधलं" म्हणत, कुणी "वाऱ्यात सापडली" असं हळूच सांगत. आणि मला एक सांगा, आपल्या आज्या बाळंतिणीच्या उशाखाली विळा का ठेवत होत्या? खोलीत रात्रभर दिवा का जळत ठेवायचा? पाचवीच्या रात्री बायका जागरणाला का बसायच्या? दहा दिवस तिला एकटीला सोडायचं नाही, हा दंडक कशासाठी होता? बाळंतीण रात्री घाबरून उठते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं म्हणूनच ना! लोखंडात शक्ती असते असं मी मानत नाही. पण त्या दिव्याजवळ एक जिवंत बाई बसलेली असायची, आणि खरं औषध ती बाई होती. आज झालंय काय, की दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जागरणाला बसणारी कुणी उरली नाही, नवरा बाहेरच्या खोलीत, आई दिवसभर राबून गाढ झोपलेली. सोबत गेली आणि "बोलू नको" एवढं मात्र शिल्लक राहिलं. परंपरेतलं जे टिकवायचं ते सोडलं आणि जे सोडायचं ते उराशी धरलं.

दुसरं म्हणणं जास्त बोचरं आहे. "सिझरवालीला काय होतंय? कळा नाहीत, काही नाही. आयतं बाळ हातात." हे वाक्य मी बारशाच्या पंगतीत ऐकलंय, बस्तीच्या पायरीवर ऐकलंय, आणि दर वेळी ते बाईच्याच तोंडून ऐकलंय. पोट फाडून शिवलेल्या माणसाला दुसरा कुठलाही आजार असता तर आपण महिनाभर अंथरुणावरून उठू दिलं नसतं. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या भावाला आपण पाण्याचा तांब्या उचलू देत नाही. बाळंतिणीचं ऑपरेशन मात्र ऑपरेशनच नाही! अगदी सरकारी पाहणीतले आकडे घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर बाळंतपणांत 21.5 सिझरनं झालेली दिसतात. खासगी दवाखान्यांत हेच प्रमाण 47.4 होतं. आपल्या कर्नाटकात 31.5, आणि हैदराबादच्या बहिणींनी तर कान देऊन ऐकावं, तेलंगणात 60.7. इतकी सिझरं गरजेची असतात का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, मीही विचारते. पण ती टेबलावर आडवी झालेली मुलगी काही त्याची गुन्हेगार नव्हे. आणि ज्यांचं सिझर ऐनवेळी, घाईघाईत, बाळाचे ठोके उतरले म्हणून करावं लागतं, त्यांच्या मनात ती पळापळ जास्त खोल रुतते, हे डॉक्टरही सांगतात. अशा मुलीला "सुटलीस की कळांतून" म्हणणं म्हणजे टाक्यांवर बोट दाबून हसणं.

तिसरं म्हणणं शकुनाचं. हे नीट उत्तर देण्यासारखं आहे, कारण ते धर्माचं नाव घेऊन येतं. "स्वप्नं खरी होतात, शास्त्रात आहे." शास्त्रात काय आहे ते आपण वाचतो का? जिनसेनाचार्यांचं आदिपुराण आपल्या बस्त्यांतून स्वाध्यायाला असतं. त्यात भरत चक्रवर्तीला पडलेल्या सोळा स्वप्नांची कथा आहे, आणि ती काही मंगल स्वप्नं नव्हती, चिंता वाटावी अशी होती. त्याच ठिकाणी स्वप्नांचे दोन प्रकार सांगितले आहेत. शरीरातले धातू समतोल असताना, माणूस स्वस्थ असताना पडलेली स्वप्नं वेगळी, आणि धातू बिघडलेले असताना, अस्वस्थ अवस्थेत पडलेली वेगळी. पहिली खरी धरावीत, दुसरी मिथ्या. आता तुम्हीच सांगा, रक्त गेलेलं, पोट शिवलेलं, दूध भरून छाती दगडासारखी झालेली, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. याहून धातूंचा समतोल बिघडायचा आणखी कसा? आपल्याच पुराणाच्या कसोटीवर बाळंतिणीच्या स्वप्नाला शकुन म्हणता येत नाही. चरकसंहितेतही स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं यांतून येणारी पहिली पाच वैद्यानं निष्फळ समजावीत असं तिथं म्हटलं आहे. टेबलावर जे अनुभवलं, तेच रात्री दिसतं. हे हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना कळलं होतं. आपल्याला व्हॉट्सअॅप येऊनही कळेना.

आणि त्या कथांतली दुसरी गोष्ट तर आपण पार विसरलो. भरताला भीतिदायक स्वप्नं पडली तेव्हा तो काय करतो? उठतो, ऋषभदेवांकडे जातो आणि सगळी सांगतो. चंद्रगुप्त सम्राटाला सोळा वाईट स्वप्नं पडली, त्यानं ती भद्रबाहूंना सांगितली. श्रवणबेळगोळला चंद्रगिरी चढताना ही कथा आपण मुलांना सांगतो. "वाईट आहे, बोलू नको" असं त्या सम्राटाला कुणी म्हटलं नाही. पुरुषाला, तोही राजा असला तर, वाईट स्वप्न पडलं की गुरू ऐकून घेतो. राणीला चांगलं पडलं की राजा ऐकून घेतो. साध्या घरातल्या बाईला वाईट पडलं की मात्र मीठ-मोहऱ्या. हा धर्म नाही, ही आपली सोय आहे. ऐकायला वेळ लागतो, मीठ-मोहऱ्या उतरवायला दोन मिनिटं.

या दोन मिनिटांची किंमत कधी कधी फार मोठी होते. ओळखीच्या एका घरात सून बाळंत होऊन आठवा दिवस. रात्रभर बडबडत होती, पाणी भरलेल्या विहिरीत बाळ दिसतंय म्हणत होती. तीन दिवस दोरा, अंगारा, दृष्ट असं सगळं झालं. चौथ्या दिवशी तिची मोठी जाऊ गावाहून आली, तिनं कपाळाला हात लावला आणि लुगडं सरकवून टाके पाहिले. टाक्यांत पू झाला होता, अंगात ताप होता. विहीर तापातून आली होती. अँटिबायोटिक लागलं, जखम पुन्हा साफ करावी लागली, पोर वाचली. त्या जावेनं काही शास्त्र वाचलेलं नव्हतं. तिनं फक्त विचारलं आणि हात लावून बघितलं.

चौथं म्हणणं आहे, "बोललं की जास्त वाढतं. णमोकार म्हणून झोप म्हणावं." णमोकार म्हणावाच. मीही म्हणते, मनाला त्याचा आधार आहे. पण मंत्र तिच्या जिवाला आधार म्हणून द्यायचा की तिचं तोंड बंद करायला बूच म्हणून लावायचा, यात फरक आहे. तिनं आधी सांगावं, तुम्ही ऐकावं, आणि मग दोघींनी मिळून णमोकार म्हणावा. सोयर आहे, चाळीस-पंचेचाळीस दिवस तिला बस्तीत जाता येत नाही, हे मी इथं वादाला घेत नाही. पण सोयर बस्तीपुरतं आहे, बोलण्याला नाही. देवाचं दार त्या दिवसांत बंद असेल, तर निदान माणसांची दारं तरी जास्त उघडी हवीत की नकोत?

पाचवं म्हणणं कुणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतं. "डॉक्टरकडे नेली तर वेडी म्हणतील. दूध आटेल. धाकट्या नणंदेचं लग्न व्हायचंय." या भीतीचं नुकसान किती, ते पाहायला फार लांब जायला नको. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी दर शंभरांतल्या 23 आयांना नैराश्याचा आजार होता. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. आजार कुणाला जास्त, तर जिथं पैशाची ओढाताण, जिथं नवऱ्याशी पटत नाही, आणि मुलगी झाली की त्याचाही त्यात हात. हे वाचून मला धक्का बसला नाही. मुलगी झाल्यावर घरातल्या आवाजाची पट्टी कशी उतरते, ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

डॉक्टर लोकांनाही मी सोडणार नाही. दहाव्या दिवशी टाके बघतात, बाळाचं वजन बघतात, लोहाच्या गोळ्या लिहितात. कागद इंग्रजीत, बोलणं कधी कानडीत कधी इंग्रजीत, आणि ती बिचारी घाबरते मराठीत. "झोप लागते का? कसली भीती वाटते का?" हे दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? 1987 सालापासून एडिनबरो प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांचा एक कागद जगभर वापरात आहे. मागच्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच घाबरायला झालं का, दुःखानं झोप उडाली का, असे साधे प्रश्न, आणि शेवटचा, स्वतःला इजा करावीशी वाटली का. पाच मिनिटांत भरून होतो. वजनकाट्यावर बाळाला ठेवता, मग आईच्या मनाचं वजन करायला कोण येणार?

उलट्या टोकालाही जायला नको, हेही मला सांगायचं आहे. प्रत्येक स्वप्न म्हणजे आजार नव्हे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, जीव घाबरा होणं, वेडीवाकडी स्वप्नं पडणं हे कितीतरी जणींना होतं आणि बहुधा दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. तिथं लागतं ते एवढंच: कुणीतरी ऐकून घेणं, सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी पाळी लावणं, आणि "होतं गं असं" म्हणणं. पण दोन आठवडे उलटले तरी भीती हटत नाही, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नाही, ती झोपायलाच घाबरते, बाळाला हात लावायला बिचकते, ऑपरेशन जागेपणीही डोळ्यांसमोर येतं, तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं. उपचार आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधंही आहेत, ती डॉक्टरच्या सल्ल्यानं घेता येतात. आणि ती जर असं म्हणू लागली की हे बाळ माझं नाहीच, कानात कुणीतरी बोलतंय, किंवा मी नसलेलीच बरी, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी न्या, तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका. हे हजारांत एक-दोघींच्याच वाट्याला येतं, पण येतं तेव्हा वेळ फार थोडा असतो. धारवाडला डिमहान्स आहे. बंगळूरच्या निमहान्समध्ये 2009 पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे, म्हणजे बाळ तोडून आईला भरती करावं लागत नाही. काहीच सुचलं नाही तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरावर आहे, ती मराठीतूनही बोलते. अंगाऱ्याच्या पुडीवर हा नंबर लिहून ठेवा हवं तर.

आता मागणं काय ते सांगते. माझं पहिलं मागणं नवऱ्यांकडे आहे. सोळा स्वप्नांच्या कथेत राणी सकाळी येते तेव्हा राजा तिला "मला कामावर जायचंय" म्हणत नाही. राज्य बाजूला ठेवून ऐकतो. तुमचं दुकान त्या राज्यापेक्षा मोठं आहे का? दुसरं मागणं सासवांकडे आणि आयांकडे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, धुरी, सगळं तुम्ही मनापासून करता. त्यात एक जिन्नस वाढवा, पहाटे अर्धा तास तिच्याजवळ बसणं. तिसरं मागणं आपल्या महिला मंडळांकडे. आपण हळदीकुंकू करतो, पूजेची साडी एकसारखी घेतो, चातुर्मासात प्रवचनं ठेवतो. गावात कुणी बाळंत झाली की मंडळातल्या दोघींनी पंधरा दिवसांतून एकदा जाऊन नुसतं बसून यायचं, भेटवस्तू न नेता, बाळाचा रंग न बघता, एवढं ठरवता येणार नाही का? पंचकल्याणकात मातेच्या सेवेला छप्पन जणी उभ्या राहतात. खऱ्या मातेसाठी दोन पुरेत.

आणि तुम्ही, जी हे वाचते आहेस आणि जिच्या घरात आज बाळंतीण आहे. उद्या सकाळी तिला चहा देशील तेव्हा खाटेच्या कडेवर बस. "रात्री झोप लागली का गं? काही दिसलं का?" एवढंच विचार. ती आधी नाही म्हणेल. तू उठू नकोस. मग ती सांगायला लागेल, आणि तुला वाटेल की मध्येच काहीतरी चांगलं बोलावं, देवाचं नाव घ्यावं, मीठ शोधावं. काही करू नकोस. तिचं सांगून पुरं होऊ दे.